कानाचं मशीन देण्याआधी कान तपासा: सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी इचलकरंजीची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एकोणचाळीस वर्षं यंत्रमाग चालवत होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. धोट्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. ओठ बघून आणि हाताच्या खुणांवर काम चालतं. आज अण्णा ७१ वर्षांचे आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून त्यांना ३,००० रुपये मिळाले. त्या पैशांचं आमच्या घरी काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. योजना मनापासून आवडली, म्हणूनच लिहिते आहे.

पासष्टीच्या पुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाच्या खात्यावर थेट पैसे येतात, हे मोठं काम आहे. कुणापुढे हात पसरावा लागत नाही. यादीत चष्मा आहे, काठी आहे, वॉकर आहे, कमरेचा पट्टा आहे आणि श्रवणयंत्रही आहे. अण्णांनी कानाचं मशीन घ्यायचं ठरवलं. आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवरच एक डबी काढली, वायरच्या टोकाची बोंडी अण्णांच्या उजव्या कानात बसवली, चाक फिरवलं आणि विचारलं, "काका, येतंय का ऐकू?" अण्णा म्हणाले, "येतंय." २,८०० रुपयांची पावती फाडली. कानात कुणी बघितलं नाही.

घरी आल्यावर डबी शर्टाच्या खिशात. कापड घासलं की खरखर, मान वळवली की शिट्टी. आईच्या हातून उलथनं कढईवर आपटलं की अण्णा दचकून कान धरायचे. आणि माणसांचं बोलणं? ते होतं तसंच, फक्त मोठ्या आवाजात अस्पष्ट. आठवड्याभरात डबी ट्रंकेत गेली. सगळे म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना मशीनची सवय होत नाही. आम्हालाही ते खरं वाटलं.

वर्षभराने अण्णांचा डावा कान पार बंद झाल्यासारखा झाला, तेव्हा आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानातून मळाचा काळा बोळा निघाला. तो निघाल्यावर डॉक्टरांनी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आवाज न येणारी छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीकसा सूर आला तरी दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक ठोकळा लावून तेच पुन्हा. हवेतून आणि हाडातून आलेल्या आवाजात फरक पडला, तर दोष कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात असतो: मळ, पडद्याला भोक, हाडांच्या साखळीचा ताठरपणा. यातलं बरंचसं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं, मशीन लागतंच असं नाही. अण्णांच्या बाबतीत फरक नव्हता. दोष आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात होता. तिथल्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

मग तपासणीचा कागद हातात आला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. कागदाच्या डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ ठीकठाक चालते आणि बारीक आवाजांकडे जाताना घाट उतरावा तशी खाली येते. ५०० हर्ट्झच्या जाड सुराला ३५ डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा मोठा केल्यावरच ऐकू आला; मग सूर बारीक होत जाताना १,००० ला ४५, २,००० ला ६०, ४,००० ला ७५. दोन्ही कान सारखेच. त्या बाईंनी फक्त रेघ बघून विचारलं, "कारखान्यात होता का?"

साहेब, या रेघेचा मराठीत अर्थ काय होतो ते त्यांनी आम्हाला समजावलं, आणि मला वाटतं ते खात्यातल्या प्रत्येकाला समजायला हवं. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दमदार असतात. स, श, त, थ, क, फ हे बारीक आणि हलके. अण्णांना स्वर येतात, व्यंजनं गळतात. म्हणजे सात, आठ आणि साठ त्यांना एकच. भाकर आणि साखर एकच. औषधाची गोळी 'सातला घ्या' म्हटलेलं ते आठला घेतात, आणि आपण चुकीचं ऐकलं हे त्यांना कळतही नाही, कारण काहीतरी ऐकू आलेलं असतं. "ऐकू येतं, पण समजत नाही" हे अण्णा किती वर्षं म्हणत होते! आम्ही म्हणायचो, लक्ष देत नाहीत. मी स्वतः किती वेळा चिडून "जाऊ दे" म्हणाले असेन. त्या "जाऊ दे"चं मला आज फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट. अशा कानाला हळू आवाज येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही, यांच्यामधली जागा अरुंद होते. म्हणून अण्णा आधी "काय?" म्हणायचे आणि मोठ्याने सांगितलं की "ओरडतेस कशाला?" म्हणायचे. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत. दुकानातली ती डबी चाक फिरवलं की सगळंच वाढवायची. जिथे गरज नव्हती ते जाड आवाज वाढले, उलथनं वाढलं, आणि 'स' राहिला तिथेच. चांगलं मशीन संगणकाला जोडून त्या रेघेप्रमाणे बसवतात: बारीक आवाज जास्त उचलायचे, जाड कमी, आणि अचानक मोठा आवाज आला तर त्याला ठरलेल्या हद्दीत रोखायचं.

आता कानामागे बसणारी दोन मशीन आहेत, कानाच्या मापाचे साचे करून. एक १८ हजारांचं. कानात दडणारं इवलंसं मशीन आम्हाला दिसायला आवडलं होतं, पण अण्णांची बोटं मागाच्या दोऱ्यांनी जाड झालेली. इवलीशी बॅटरी त्यांना बदलता आली नसती. मशीन निवडताना बोटंही बघावी लागतात, डोळेही, आणि घरात बदलून द्यायला कुणी आहे का तेही. पहिले पंधरा दिवस पंख्याचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज त्यांना नकोसा झाला. परत गेलो, थोडं कमी केलं. महिन्याने पुन्हा गेलो, थोडं वाढवलं. तीन फेऱ्या झाल्या. वर्षानुवर्षं न आलेले आवाज ओळखायला मेंदूला वेळ लागतो, हे आधी सांगितलेलं असलं की माणूस धीर धरतो. तिसऱ्या फेरीनंतर अण्णा फोनवर माझ्या भावाशी बोलले. दहा मिनिटं. पूर्वी फोन वाजला की ते आईच्या हातात द्यायचे.

आमच्याकडे भाऊ कमावता आहे म्हणून ३६ हजार जमले. गल्लीतल्या बाकीच्यांकडे नाहीत. त्यांना दुसरं दार आहे का, तेही मी बघितलं. दिव्यांग म्हणून मदत मिळावी तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे मोजतो. कागदावरच्या त्या चार आकड्यांची अण्णांची सरासरी येते साधारण ५४. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात ५० ते ६५ म्हणजे मध्यम-तीव्र श्रवणदोष. आपल्या कायद्यात अण्णा कुठेच बसत नाहीत. म्हातारपणाचा आणि कारखान्याचा बहिरेपणा पुष्कळदा या साठाच्या आतच राहतो. केंद्राच्या योजनेतून शिबिरं होतात, तीही हवीत, पण एका दिवसाच्या शिबिरात दिलेल्या मशीनची दुसरी आणि तिसरी फेरी कोण करणार? म्हणून तुमची वयोश्री योजना या लोकांसाठी फार मोलाची आहे.

माझं मागणं असं आहे. काठी आणि कानाचं मशीन एका रकमेत बसवू नका. काठी उंचीला जुळली की झालं. कानाच्या मशीनला तपासणी, साचा, बसवणं आणि नंतरच्या फेऱ्या लागतात, आणि हे सगळं मिळूनच मशीन होतं. श्रवणयंत्रासाठी अर्ज करणाऱ्याची आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. निम्मे मळ काढूनच खुश होऊन घरी गेले तरी चालेल, तेवढे पैसे वाचतील. ज्यांना मशीन लागणार त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टच्या कागदावरच मशीन द्या, रक्कम वेगळी आणि पुरेशी ठेवा, आणि तिचा शेवटचा हप्ता सहा महिन्यांनी, मशीन वापरात असल्याचं बघून, बसवणाऱ्याला द्या. मग तो स्वतःहून माणसाला परत बोलावेल.

तालुक्यात ऑडिओलॉजिस्ट नाहीत, हे मला माहीत आहे. पण वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच शिक्षण देते. आरोग्य खात्याला सोबत घेऊन आवाजबंद खोली असलेली एक गाडी जिल्ह्याला दिली, तरी महिन्यातून एकदा प्रत्येक तालुका होईल. बोलणं किती समजतं याची चाचणी मात्र मराठी शब्दांवर घ्यायला सांगा. आमच्या माणसांना सात आणि साठमध्ये फरक कळतो का, ते बघायचं आहे.

आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या यंत्रमागांच्या गावांतून सुरुवात करा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या आजारांच्या यादीतही आवाजाने आलेला बहिरेपणा होता. पण अण्णांनी ज्या लहान लहान कारखान्यांत उमर काढली तिथे कुणी कधी त्यांचे कान तपासले नाहीत. कामगार मंत्र्यांशी तुम्हीच बोललात तर बरं होईल. आज तिशीत असलेल्या कामगाराची वर्षाला एक तपासणी झाली आणि आवाज अडवणारी बोंडी कानाला मिळाली, तर त्याला तुमच्या योजनेची पाळी उशिरा येईल.

पत्रासोबत अण्णांचा तपासणीचा कागद आणि दोन्ही पावत्यांच्या प्रती मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. दुसऱ्या पावतीवर उजवा कान, डावा कान, दोन साचे, तीन भेटींच्या तारखा, असं सगळं लिहिलेलं आहे. पहिलीवर एवढंच आहे: कानाचे मशीन, १ नग.

आपली,
एका माग कामगाराची मुलगी
इचलकरंजी, जि. कोल्हापूर