रविवारच्या बैठकीची आठवण : जनरल फील्डॉर्फ

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये नाझी जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत सेनेचे, म्हणजे ‘होम आर्मी’चे, जनरल ऑगस्ट एमिल फील्डॉर्फ, टोपणनाव ‘निल’.

नाझींविरुद्ध घातपाती कारवाया करणाऱ्या ‘केदिव’ विभागाचे ते प्रमुख होते. वॉर्सातला एसएस या नाझी दलाचा क्रूर अधिकारी फ्रान्झ कुचेरा याला १ फेब्रुवारी १९४४ रोजी याच विभागाच्या तरुणांनी भररस्त्यात टिपले.

पण चर्चा करायची आहे ती पुढच्या काळाची. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी फील्डॉर्फ यांना पकडले, तेही सामान्य माणूस समजून, कारण ते खोट्या नावाने वावरत होते! उरल भागातल्या छावणीतून ते १९४७ मध्ये परतले. १९५० मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांना पुन्हा अटक केली. सोव्हिएत पार्टिझनांना (गनिमी लढवय्यांना) मारण्याचे हुकूम दिल्याचा आरोप रचला गेला आणि २४ फेब्रुवारी १९५३ रोजी वॉर्साच्या मोकोतूव तुरुंगात स्वतंत्र पोलंडसाठी लढलेल्या या माणसाला फाशी दिली गेली. मृतदेह घरच्यांना मिळालाच नाही. निर्दोषत्व मान्य व्हायला १९८९ उजाडले.

कृपया सर्वांनी थोडे वाचून यावे. खटल्याबद्दल प्रश्न असतील तर शुक्रवारपर्यंत गटावर टाकावेत. येणार असाल तर तेही कळवा, खुर्च्या मांडायला सोपे जाईल.