एलईडी पॅनल जागेवर नसल्याने मायक्रोस्कोप निरुपयोगी : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फूरियर टायकोग्राफी मायक्रोस्कोपचे एलईडी पॅनल दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

मार्चमध्ये आपल्याकडून घेतलेला मायक्रोस्कोप सोलापुरात आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात आहे. त्यात स्लाइडखालचे एलईडी एकेक लावून वेगवेगळ्या कोनांच्या प्रकाशात फोटो घेतात आणि सॉफ्टवेअर ते जोडून एकच बारकाव्यांचे चित्र बनवते; हीच फूरियर टायकोग्राफी. सिद्धेश्वर तलावातल्या डायटम या सूक्ष्म शैवालाची साफ केलेली कवचे आम्ही त्याखाली ठेवतो. कवचावरच्या बारीक रेषा दिसायला हव्यात. दिसतात त्या लाटा, आणि त्या कवचाबाहेरच्या रिकाम्या काचेवरही!

आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर आधी स्लाइडला दोष दिला, मग सोलापूरच्या उन्हाळ्याला. उन्हाळा इथे कडक असतो हे खरे. पण १०० मिमीचा अॅल्युमिनियमचा दांडा २० अंशांनी तापला तरी वाढतो जेमतेम ०.०५ मिमी. आमच्या पॅनलची चूक १ मिमीची आहे.

ती आम्ही अशी शोधली. पॅनलवर १५ × १५ एलईडी, दोन एलईडींमध्ये ४ मिमी अंतर, पॅनल स्लाइडच्या ८० मिमी खाली. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचे भिंग) ४एक्स, त्याचे न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे किती तिरपा प्रकाश आत येऊ शकतो याचे माप, ०.१. मधल्या एलईडीपासून डावीकडचा दुसरा आणि उजवीकडचा दुसरा, दोन्ही ८ मिमीवर. म्हणजे दोघांचा प्रकाश बरोबर ऑब्जेक्टिव्हच्या मर्यादेवर. एकेक लावून पाहिला तर फोटोचा मधला भाग दोन्ही वेळा सारखाच उजळायला हवा. आमच्याकडे उजवा लावला की लख्ख उजेड, डावा लावला की काळोख. उजवा ७ मिमीवर आणि डावा ९ मिमीवर असला की असेच होते.

शिवाय पॅनल सुमारे ३ अंश फिरलेले आहे. मधल्या एलईडीला त्याने काही होत नाही, पण कोपऱ्यातला २ मिमी सरकतो. आपले सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक एलईडी कागदावरच्या जागीच आहे असे धरून २२५ फोटो जोडते. तिरप्या प्रकाशाचा प्रत्येक फोटो फूरियर प्रतलात (जिथे प्रकाशाच्या कोनानुसार फोटोची जागा ठरते) चुकीच्या जागी बसला, तर चित्र बिघडणारच.

एमएस्सीच्या दोन विद्यार्थ्यांनी तेच कच्चे फोटो घेऊन पायथॉनमध्ये एलईडींच्या जागा सुधारल्या आणि जुळवणी पुन्हा केली. लाटा गेल्या, रेषा उलगडल्या. स्लाइड तीच, ऑब्जेक्टिव्ह तेच. या मुलांचे प्रकल्पाचे दोन महिने यात गेले, याचे मला फार वाईट वाटते. त्यांनी घरी न जाता सुट्टीत काम केले आहे.

सॉफ्टवेअरमध्ये पॅनलची आडवी-उभी जागा, उंची आणि फिरलेला कोन भरायची सोय नाही. ती द्यावी. पॅनल दोन स्क्रूंवर सैल बसते, तिथे पक्क्या पिना बसवाव्यात. १५ दिवसांत माणूस पाठवून आमच्यासमोर वरची चाचणी करून दाखवावी आणि वॉरंटी त्या दिवसापासून मोजावी. हे जमत नसेल तर मशीन परत न्यावे व पूर्ण रक्कम द्यावी.

दोन्ही एलईडींचे फोटो आणि सुधारलेली चित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
विभागप्रमुख, पदार्थविज्ञान विभाग
सोलापूर