कर घेतला म्हणजे मान्यता दिली, असंच गावात समजतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीतली गोष्ट. दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही संध्याकाळी खळ्यात बसलो होतो. मुंबईहून आलेला वाडीतलाच एक मुलगा सगळ्यांना मोबाइलवर क्रिप्टो, म्हणजे फक्त संगणकावर असणारं आभासी नाणं, दाखवत होता. त्यात पैसे गुंतवायच्या योजनेला तो पॅकेज म्हणायचा. पडद्यावर डॉलरमधला आकडा आणि त्याखाली वर चढणारी हिरवी रेघ. "पॅकेज ब्लॉकचेनवर लॉक असतं, त्याला कोणी हात लावू शकत नाही," असं तो सांगत होता. (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही.) आपल्या आयडीखाली दोन माणसं जोडली की कमिशन वेगळं. शेजारच्या वहिनींनी काजूबी विकून जमवलेले साठ हजार रुपये आधीच त्यात घातले होते, तेही पोस्टातली आरडी मुदतीआधी मोडून. मी २८ वर्षं गावच्या शाखा डाकघरात होतो. ती आरडी मीच उघडून दिली होती. मी नको म्हणालो, तशा वहिनी म्हणाल्या, "मास्तरांनू, सरकार तीस टक्के टॅक्स घेता मां? मगे ता खोटा कसा?"

मला त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. आजही वाटतं, वहिनींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. देशाचं धोरणच त्यांच्यापर्यंत तसं पोचलं आहे.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजात क्रिप्टोचं विधेयक होतं, पण ते मांडलंच गेलं नाही. ते भिजत घोंगडं अजून तसंच आहे. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आला आणि त्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहार होतानाच कापला जाणारा कर. एका नाण्यात बुडालेले पैसे दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करायचीही मुभा नाही. कर लावला म्हणजे कायदेशीर ठरवलं असं नाही, हे अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्येच राज्यसभेत सांगितलं होतं. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांनी तर सरळ बंदीच बरी, असं मत मांडलं. पण राज्यसभेतलं बोलणं आमच्या वाडीत कोण ऐकतो? इथे पोचतो तो फक्त 'तीस टक्के' हा शब्द, आणि तो आणणाराच पॅकेज विकायला आलेला असतो. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचा प्रयोग सामान्य लोकांसाठी सुरू झाल्यावर त्याच्या हाती आणखी एक वाक्य लागलं: आता सरकारनेही काढलंय.

दिवाळीनंतर ते अ‍ॅप उघडेना. तक्रार करायला मी वहिनींबरोबर गेलो होतो. पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात, असं दोन ठिकाणी ऐकून आम्ही परत आलो. अशा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायला १९३० हा क्रमांक आहे, पण तो त्यांना कळेपर्यंत तीन आठवडे उलटले होते. त्या अ‍ॅपमधलं नाणं कुठल्याही बाजारात विकलं जात नव्हतं. त्यावर कोणी कर भरला नव्हता, टीडीएस कापला नव्हता. चोराने फक्त कराचं नाव वापरलं होतं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो योजनेच्या प्रकरणात दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पोस्टाच्या आरडीला वर्षाला सात टक्केसुद्धा मिळत नाहीत. हा फरक लोकांना दिसत नाही असं नाही. पण सरकारचं नाव जोडलं की भीती जाते.

जपानमध्ये २०१४ साली माउंट गॉक्स हे मोठं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार, बुडालं. त्यानंतर त्यांनी कायदा बदलला आणि २०१७ पासून नोंदणीशिवाय असा धंदा करता येईनासा झाला. चीनने २०२१ मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. मला चीनचा मार्ग पटत नाही, पण तिथल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे तरी कळतं. आपल्याकडेही मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. पण तो काळ्या पैशावरचा पहारा झाला. गुंतवणूकदाराचा पैसा गेला तर जबाबदार कोण, हे सांगणारा कायदा अजून नाही. कर घ्यायचा तर तेवढी जबाबदारीही सरकारने घ्यायला हवी.

ब्लॉकचेनचं नाव या गोंधळात विनाकारण खराब होतंय, याचंही वाईट वाटतं. आमच्या शाखेचा रोजचा हिशेब रोज वरच्या कार्यालयात जायचा. इथली नोंद कोणी खोडली तर तिथली बोलायची. ब्लॉकचेन म्हणजे साधारण तेच, फक्त एकाऐवजी अनेकांकडे एकच वही, आणि प्रत्येक पानाची खूण पुढच्या पानावर. तिला नाणं लागतंच असं नाही, आणि डाउनलाइन, म्हणजे आपल्याखाली जोडलेली माणसं, तर मुळीच लागत नाही. देवगड हापूसच्या नावाने परराज्यातला आंबा पेटीत भरला जातो, हे आमचं जुनं दुखणं. २०२५ च्या हंगामात इथल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने आंब्यावर युआयडी, म्हणजे प्रत्येक फळाची वेगळी ओळख सांगणारा, स्टिकर लावायला सुरुवात केली. ते ब्लॉकचेन नव्हे, पण बाग ते गिऱ्हाईक असा माग ठेवायचा तर ही अनेकांकडची वही तिथे उपयोगी पडेल. अर्थात पहिली नोंद खरी असेल तरच. बागेत चुकीच्या आंब्यावर स्टिकर लागला तर तो खोटेपणाही तितकाच पक्का जपला जाईल. सातबारावरची सामाईक नावं, वारस नोंदी, मुंबईतल्या भावाची सही, हे आधी निस्तरल्याशिवाय जमिनीच्या नोंदी अशा वहीत घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मागणी छोटी आहे. कर म्हणजे मान्यता नव्हे, नोंदणी झालेली एक्स्चेंज कुठली, आणि पैसे गेल्यास पहिल्या तासात १९३० ला फोन करायचा, एवढं मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि डाकघरात लावावं. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी तसा ठराव मांडणार आहे. वहिनी अनुमोदन देणार आहेत. किनारपट्टीवरच्या इतर गावांतल्या वाचकांनीही तो आपापल्या सभेत मांडावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शाखा डाकपाल,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग