तक्रार आधी, हद्द नंतर

महोदय,

मानवी तस्करी रोखण्याच्या सरकारी कामावर स्वयंसेवी संस्थांनी घेतलेल्या आक्षेपांची बातमी वाचली. हे काम अपुरे पडते, हे संस्थांचे म्हणणे पटते. छापे पडतात, फोटो छापून येतात; घोडे अडते ते पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर. कर्नाटकातला कोगनोळी नाका ओलांडला की महाराष्ट्रातले कागल, म्हणजे दुसरे राज्य. निपाणीची मुलगी पुण्याला नेली, तर आईबापांनी कुठे जायचे? वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार, तस्करीसारखा दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. अल्पवयीनांच्या तस्करीला किमान १० वर्षे शिक्षा आहे, पण नोंदच झाली नाही तर ती कागदावरच. सीमाभागातील प्रत्येक ठाण्याबाहेर हे कलम कन्नडबरोबर मराठीतही लावावे. (फलकांवरच्या भाषेचा वाद तेवढ्यापुरता बाजूला ठेवू.)

– एक वाचक, निपाणी