फुलं संपल्यावर कासला या : वणव्याच्या राखणीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा हंगाम संपला. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घालूनही सप्टेंबरात ज्या रस्त्यावर गाड्यांची रांग हटत नव्हती, तो आता भर दुपारी मोकळा असतो. तेरडा वाळला, सोनकी गेली, गेंदाची पांढरी बोंडं झडली. पठारावर उरलंय ते पिवळं गवत. आणि आम्ही कास रस्त्यावरच्या गावांची मंडळी तुम्हाला नेमकं आत्ताच बोलावतोय.

या गवताला आग लागते. कुणी विडी टाकतं, कुणी तीन दगडांची चूल तशीच धुमसत सोडून गाडीत बसतं. आणि खरं सांगायचं तर, पुढच्या साली गवत जोमानं फुटतं म्हणून आमच्यातलेही काहीजण गुपचूप काडी लावतात. वणवा सड्यावर, म्हणजे या कातळ पठारावर, थांबत नाही. वाऱ्याबरोबर कड्यावरून उतरतो आणि खालच्या जांभूळ-अंजनीच्या रानात शिरतो. भाजलेल्या उताराला माती धरून ठेवायला काही उरत नाही. ती पहिल्या वळवातच ओढ्याला लागते. कास तलावाच्या वरच्या अंगाला असं झालं, तर तो गाळ सातारकरांच्याच पाण्यात. शहराच्या मोठ्या भागाला याच तलावाचं पाणी जातं.

दरवर्षी कुणीतरी प्रेमानं विचारतं, ‘एवढं उघडं माळरान आहे, हजारभर रोपं पाठवू का?’ कृपा करून पाठवू नका. साधारण 1200 मीटर उंचीवरचं हे पठार म्हणजे जांभ्या दगडाची एक मोठी परात आहे. तिच्यावर बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात त्या मातीत पाणी तुंबतं आणि खुराक जेमतेम असतो, म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली झाडं इथे किडे पकडून जगतात. 850 हून जास्त प्रकारच्या फुलझाडांची नोंद झालेली ही जागा आहे. इथे झाडांची सावली पडली, तर ज्यासाठी 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कासचं नाव आलं, तेच जाईल. मध्यंतरी पठाराला तारेची जाळी घातली होती, हेतू चांगलाच होता. पण गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी जाळी काढावी लागली. हे ऐकून आमची म्हातारी माणसं हसली होती.

दुसरी गोष्ट बांधकामांची. ‘नवीन महाबळेश्वर’ या सरकारच्या गिरिस्थान प्रकल्पात सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली 235 गावं घेतल्यापासून एजंटांच्या गाड्या वस्तीवस्तीवर फिरू लागल्या आहेत. आमची पोरं मुंबईला माथाडी म्हणून राबतात. गावात चार खोल्या बांधून पाहुणे ठेवता आले, तर ती परत येतील. म्हणून आम्ही सरसकट विरोधात नाही. पण जांभा वरून परातीसारखा दिसला, तरी आतून चाळणीसारखा असतो. वर सांडपाण्याचा शोषखड्डा खणला की ते पाणी कड्याच्या पोटातल्या झऱ्याला लागतं, आणि उन्हाळ्यात आमच्या बाया त्याच झऱ्यावर हंडे लावतात. प्लॉट घेतलेल्यांना एवढीच विनंती : जेसीबी लावण्याआधी गावात येऊन झरा कुठे आहे ते विचारा.

आता मदतीचं. वन खात्याच्या परवानगीनं आणि त्यांच्या माणसांबरोबर आम्ही जानेवारीत जाळरेषा काढणार आहोत; म्हणजे रस्त्याच्या कडेचं आणि रानाच्या हद्दीवरचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, आग आली तरी तिथे अडावी म्हणून. त्यासाठी दर रविवारी हात हवेत. फेब्रुवारी ते मे आम्ही गावातलेच सहा राखणदार ठेवतोय. त्यांच्या रोजासाठी पैसे लागतील, आणि देणगीतला मोठा वाटा त्यातच जाईल. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून त्याला देणगीदार लवकर मिळत नाही. पानं उडवायचा ब्लोअर कुणाकडे पडून असेल तर तोही द्या. त्यानं वाळका पाला उडवून पट्टा पटकन साफ होतो. जाड तळाचे बूट, विळे, चांगल्या बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, काहीही चालेल. जुने कपडे मात्र नकोत, मागच्या वेळचेच शाळेच्या खोलीत पडून आहेत.

पैसे कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. या कामासाठीच्या समितीच्या खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. तिथे खात्री करूनच भरा आणि पावती मागून घ्या. जमाखर्च 1 मेच्या ग्रामसभेत वाचला जाईल. तुम्ही या आणि ऐका, शंका असेल तर उभं राहून विचारा. मुंबई-पुण्यातल्या भावकीनं वर्गणी आपापल्या गावच्या मंडळाकडे दिली, तरी ती इथे पोचेल.

रविवारी यायचं असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीत किती जण ते कळवा. सकाळी सात वाजता देवळासमोर जमायचं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, टेरिकॉट नको, ठिणगीनं अंगाला चिकटतो. विडी-काडी घरीच ठेवून या. दुपारी नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आमच्याकडून. ताट-वाटी मात्र आपली आणा. पत्रावळ्या वाऱ्यानं उडतात आणि मग दुसऱ्या रविवारी त्याच गोळा करत बसावं लागतं.