मोमोए यामागुचीला ‘संस्कारां’मध्ये बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र होतं, जपानच्या मोमोए यामागुचीबद्दल. एवढी मोठी पॉप आयडॉल पण लग्न ठरलं तसं एकविसाव्या वर्षी सगळं सोडून संसाराला लागली, याला म्हणतात संस्कार, आजच्या मुलींनी धडा घ्यावा वगैरे वगैरे. मी पुण्यात जपानी भाषेचे क्लास घेते, मोमोएची गाणी कित्येक वर्षं ऐकतेय, त्यामुळे ते वाचून गप्प बसवेना.

सोडलं हे खरंय. ५ ऑक्टोबर १९८० ला तोक्योच्या बुदोकानमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, शेवटचं गाणं संपल्यावर तिने हातातला पांढरा माइक स्टेजवर ठेवला आणि निघून गेली, नोव्हेंबरमध्ये अभिनेता तोमोकाझु मिउराशी लग्न झालं आणि आजतागायत गायला परत आली नाही. पण फक्त हा शेवटचा सीन उचलायचा आणि त्याआधीच्या साडेसात वर्षांचं नावच काढायचं नाही, हे कसं चालेल?

योकोसुका हे अमेरिकन नेव्हीचा तळ असलेलं गाव, तिथे आईने जवळजवळ एकटीने वाढवलेली ही मुलगी. १९७२ च्या डिसेंबरमध्ये टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये दुसरी आली तेव्हा तेरा वर्षांची होती. मे १९७३ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, ती बेताचीच चालली. मग कंपनीने जे केलं ते मला आजही ऐकवत नाही. दुसरं गाणं ‘आओइ काजित्सु’, म्हणजे कच्चं फळ, आणि त्यात चौदा वर्षांची पोरगी म्हणतेय की तुझी इच्छा असेल तर माझं काहीही कर. पुढच्या वर्षी ‘हितो नात्सु नो केइकेन’, त्यात मुलीची सगळ्यात मौल्यवान गोष्ट तुला देते म्हणे. लिहिणारे, चाल लावणारे सगळे मोठे बाप्ये. गाणी तुफान चालली. पत्रकार त्या पोरीला हटकून विचारायचे की काय गं, ही मौल्यवान गोष्ट म्हणजे नक्की काय, आणि ती दरवेळी एकच उत्तर द्यायची, ‘माझं खरं मन’. पंधरा वर्षांच्या मुलीने इतक्या मोठ्या माणसांना असं गार करणं म्हणजे कमालच. संस्कारच शोधायचे असतील तर त्या पत्रकारांचे शोधा.

त्या काळात मासाको मोरी, जुन्को साकुरादा या दोन गायिका आणि ही, तिघी एकाच इयत्तेतल्या म्हणून त्यांचं ‘नववीतलं त्रिकूट’ असं मार्केटिंग चाललं होतं, आणि दरवर्षी मुली वरच्या वर्गात गेल्या की त्रिकुटाचं नाव पण बदलायचं, बारावीपर्यंत हे सुरू होतं. शाळेचा युनिफॉर्म पण विकायचा माल. असो.

आता मुद्द्याचं सांगते. १९७६ च्या सुमारास मोमोएनेच कंपनीला सांगितलं की मला र्यूदो उझाकीची गाणी हवीत. हा काळा गॉगल लावून रॉक गाणारा माणूस, आयडॉलच्या गाण्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही. शब्द त्याच्या बायकोचे, योको आकीचे, आणि ती पण योकोसुकातच वाढलेली. त्यातून ‘योकोसुका स्टोरी’ आलं आणि बाईचा आवाजच बदलला, खालच्या पट्टीतला, ठाम, समोरच्याला जाब विचारणारा. १९७८ चं ‘प्लेबॅक पार्ट २’ ऐका, त्यात बाई एकटीच लाल पोर्शे चालवत निघालीय आणि रस्त्यात कुणी वाद घातला तर त्याला सरळ झापते. कच्च्या फळापासून इथपर्यंत पाच वर्षं लागली आणि हा बदल तिने मागून घेतलाय, कुणी बक्षीस म्हणून दिलेला नाही.

यात एनएचके या जपानच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीची एक गंमत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने ‘मौल्यवान गोष्टी’चं गाणं १९७४ च्या ३१ डिसेंबरला त्यांच्या कोहाकु या, बायका विरुद्ध पुरुष अशा गाण्यांच्या सामन्याच्या कार्यक्रमात गायलं, अख्ख्या देशाने घरी बसून बघितलं, कुणाला काही वाटलं नाही, पण पोर्शे म्हणजे कंपनीची जाहिरात होते म्हणून त्यांच्याकडे तिला ‘लाल गाडी’ असं बदलून गायला लावलं! त्याच १९७८ च्या कोहाकुमध्ये बायकांच्या टीमचं शेवटचं, मानाचं गाणं तिला मिळालं, वय वर्षं फक्त १९.

त्यामुळे सोडण्याचा निर्णय पण याच बाईचा आहे हे लक्षात घ्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये ओसाकाला कार्यक्रम चालू असताना तिने प्रेक्षकांनाच सांगून टाकलं की माझं अमक्यावर प्रेम आहे. मार्च १९८० मध्ये लग्न आणि निवृत्ती जाहीर केली. जाण्याआधी ‘आओइ तोकी’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात वडिलांच्या दुसऱ्या संसाराबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल इतकं मोकळं लिहिलंय की ‘आज्ञाधारक सून’ म्हणून फोटो लावणाऱ्यांनी ते एकदा वाचावंच. दहा लाखांच्या वर खपलं ते. आता त्या काळच्या जपानमध्ये लग्न झालं की बाईने काम सोडायचं हे दडपण होतंच, ते मी नाकारत नाही, आणि मला विचाराल तर गाणी गमावल्याचं वाईटच वाटतं. पण कंपनी, पेपरवाले, फॅन्स यांनी परत ये परत ये म्हणून इतकी वर्षं धोशा लावला तरी ही बाई घरी गोधड्या शिवत बसली, आणि २०१९ मध्ये त्यांचंच पुस्तक काढलं. आपल्याला पाहिजे तसं जगली, त्यात त्याग कुठे आला?

आणि मोमोएने गाणं सोडलं त्याच १९८० च्या एप्रिलमध्ये सेइको मात्सुदा या दुसऱ्या पॉप गायिकेची पहिली रेकॉर्ड आली. तिने १९८५ मध्ये लग्न केलं, मुलगी झाली, आणि परत येऊन गायला लागली. सलग २४ सिंगल्स एक नंबरवर. तिला मात्र तिकडच्या मासिकांनी वाईट बायको, वाईट आई म्हणून किती झोडपलं. म्हणजे एकीला मखरात बसवायचं ते दुसरीला मारायला काठी म्हणून, आणि तुमच्या पत्रलेखकांनी नेमकं तेच केलंय, फक्त काठी आपल्याकडच्या मुलींवर उगारलीय.

तेव्हा संपादक साहेब, एक विनंती. पुरवणीत या विषयावर पुढे काही छापणार असाल तर सेइकोबद्दल पण छापा, आणि तिच्या घटस्फोटांवर रकाने भरण्यापेक्षा २०२४ मध्ये, साठी उलटल्यावर, तिने पत्रद्वारा अभ्यासक्रम करून चुओ विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली ते छापा. माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्या मुलींना त्यात जास्त इंटरेस्ट आहे.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे