‘मला वाटलं’ म्हणणारा समीक्षक

प्रिय दिनकर,

तुझं पत्र पोचलं. हल्लीच्या परीक्षणांवरचा तुझा राग वाचून हसलो आणि बराचसा पटलाही. ‘मला भावलं, मला भिडलं, झालं परीक्षण’ हे तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. पण समीक्षेतून ‘मी’लाच हाकलून द्यावं, हा तुझा पुढचा फतवा काही गळी उतरत नाही. सध्या मी ज्याच्या नादी लागलोय, त्याने जपानी भाषेतली आधुनिक समीक्षा उभी केली ती याच ‘मी’च्या जोरावर.

नाव कोबायाशी हिदेओ. कोबायाशी हे आडनाव. तिकडे ते आधी येतं. जन्म 1902, तोक्यो. विशीत असताना तोक्योच्या ‘कान्दा’ भागातल्या पुस्तकांच्या दुकानात त्याला रँबो या फ्रेंच कवीचा ‘नरकातला एक ऋतू’ फ्रेंचमध्ये मिळाला. रस्त्याने जाता जाता एका अनोळखी माणसाने आपल्याला आडवं पाडलं, अशा थाटात त्याने पुढे त्या भेटीबद्दल लिहिलंय. मग विद्यापीठात फ्रेंच साहित्य घेतलं आणि 1930 साली त्या पुस्तकाचा अनुवादही छापला.

मधल्या काळात मात्र आयुष्यातच नरक उभा राहिला. नाकाहारा चूया हा त्याचा कवी मित्र, वयाने पाच वर्षांनी लहान. 1925 साली चूया हासेगावा यासुको या नटीबरोबर क्योतोहून तोक्योला आला, आणि त्याच वर्षअखेरीला यासुको कोबायाशीच्या घरी राहायला गेली. तिला अस्वच्छतेच्या भयाने पछाडलेलं होतं. तिचं सावरता सावरता हा मेटाकुटीला आला आणि 1928 साली घर सोडून चक्क पळाला, तो नारात जाऊन राहिला. एवढं होऊनही कोबायाशी आणि चूयाची मैत्री तुटली नाही. 1937 साली चूया तिशीत गेला, त्याआधी आपल्या दुसऱ्या संग्रहाचं हस्तलिखित त्याने सोपवलं ते कोबायाशीकडेच. पुढच्या वर्षी ते छापून आलं. कामाकुरातल्या एका देवळात दोघांनी झाडाची गळणारी फुलं बघत काढलेली वेळ कोबायाशीने नंतर लिहून ठेवली आहे. माफी मागणं नाही, समर्थन नाही. चूयाला पुन्हा भेटण्यातलं अवघडलेपण आहे तसं ठेवलंय, आणि ते वाचवत नाही.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. 1929 साली ‘काइझो’ मासिकाने समीक्षेची स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस अकुतागावा या कथाकारावर लिहिणाऱ्या मियामोतो केंजीला, जो पुढे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी झाला. कोबायाशीला दुसरं. त्याच्या निबंधाचं म्हणणं असं, की मार्क्सवाद काय, कलेसाठी कला काय, हे सगळे अंगावर चढवलेले पोशाख आहेत. लेखक शास्त्रज्ञ झाला असता, सैनिक झाला असता, हजार गोष्टी झाला असता. पण झाला तो हाच, दुसरा कुणी होऊ शकला नाही. ही त्याची अटळता ज्या खालच्या सुरात वाजत असते तो सूर ऐकू येईपर्यंत समीक्षकाने थांबायचं, मग आपलं बोलायचं. आणि हे बोलणं म्हणजे शेवटी आपलंच स्वप्न, पण स्वतःवर संशय घेत सांगितलेलं. दिनकर, तुझ्या परीक्षणवाल्यांकडे ‘मी’ आहे, हा संशय नाही. भिडलं म्हणून कागदावर टाकायचं आणि भिडलं ते खरंच का, म्हणून दोन वर्षं त्याच पुस्तकाशी झगडायचं, या दोहोंत फरक आहे की नाही? दोस्तोयव्हस्कीचं चरित्र लिहायला त्याने दोन वर्षं लेखमाला चालवली आणि त्यानंतरही त्या कादंबऱ्यांचा पिच्छा सोडला नाही.

पण तुझी बाजूही सोडत नाही मी. 1938 साली तो वार्ताहर म्हणून चीनमध्ये गेला, सैनिक असलेल्या हिनो आशिहेई या लेखकाला त्याने हांगचौमध्ये अकुतागावा पारितोषिक नेऊन दिलं. युद्ध संपल्यावर 1946 साली एका चर्चेत युद्धकाळातल्या भूमिकेबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाला, की मी अडाणी आहे, मला पश्चात्ताप वगैरे येत नाही. हुशार लोकांनी हवा तेवढा करावा. लोक याला करारीपणा म्हणतात. मला ती चलाखी वाटते. जो माणूस आयुष्यभर ‘मला काय झालं’ एवढंच प्रमाण मानतो, त्याला जाब विचारायची सोयच उरत नाही. स्वतःवरचा तो संशय ऐन वेळी गेला कुठे?

गंमत बघ, त्याच वर्षी त्याने संगीतकार मोझार्टवरचा निबंध लिहिला, माझ्या मते त्याचा सर्वांत सुंदर. ओसाकातल्या दोतोनबोरीत भटकताना मोझार्टच्या ‘जी मायनर’ सिंफनीची धून एकाएकी डोक्यात वाजू लागली, तिथून तो मोझार्टच्या धावत्या दुःखापर्यंत पोचतो. निबंध आईला अर्पण केलाय. ती त्याच वर्षी गेली होती. त्यानंतर काही दिवसांत संध्याकाळी एक काजवा दिसला आणि आई आता काजवा झालीय असं त्याला वाटलं, उपमा म्हणून नव्हे, खरंच. पुढे सुइदोबाशी स्टेशनात दारूच्या नशेत फलाटावरून खोल कोसळला. हातातली बाटली फुटली, हा वाचला. हे सगळं बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञावरच्या लेखमालेच्या सुरुवातीला येतं. तत्त्वज्ञानाच्या लेखात काजवा! 1958 ते 63 अशी ती चालली, मग अर्ध्यावर सोडली आणि पुस्तकात घ्यायचं नाही म्हणून बजावून ठेवलं.

त्यानंतर 1965 पासून अकरा वर्षं एकच माणूस: मोतोओरी नोरिनागा. अठराव्या शतकातला, मात्सुसाका गावात वैद्यकी करून पोट भरणारा, आणि फावल्या वेळात ‘कोजिकी’ या सर्वांत जुन्या जपानी ग्रंथावर पस्तीसेक वर्षं भाष्य लिहिणारा. ग्रंथ उघडतो तो ओरिकुची शिनोबु या अभ्यासकाला भेटून परतण्याच्या प्रसंगाने. निरोप देताना ओरिकुची एवढंच म्हणतो, की नोरिनागा म्हणजे अखेर ‘गेंजी’च, म्हणजे ती जुनी जपानी कादंबरी. मग येतं नोरिनागाचं मृत्युपत्र. माझं थडगं कुठे, त्यावर कुठलं चेरीचं रानझाड लावायचं, चित्र काढून दिलेलं! तर्काने मृत्यूपलीकडे काही गोड मिळत नाही असं मानणारा माणूस एवढं का लिहून ठेवतो, हे कोडं कोबायाशी सोडवत बसत नाही. तो ती पानं पुन्हा पुन्हा वाचतो, आपल्यासमोर. 1977 साली हा जाडजूड ग्रंथ आला आणि चांगला खपला. आपल्याकडे समीक्षेची हजाराची आवृत्ती संपताना प्रकाशकाचे केस पिकतात, जाऊ दे.

त्याचं उतारवयातलं एक मत तुला चिडवायलाच लिहितो: समीक्षा म्हणजे माणसाची स्तुती करण्याची एक खास कला. फाडून काढणाऱ्या तरुण कोबायाशीने हे ऐकलं असतं तर काय म्हणाला असता!

सुरुवातीच्या निबंधांचा पॉल अँडररने केलेला इंग्रजी अनुवाद माझ्याकडे आहे, कुरिअरने पाठवतो. कडेला पेन्सिलीने लिहायला हरकत नाही, शाईने नको. 1946 च्या त्या उत्तरावर मात्र तुझं मत सविस्तर लिही. त्यात मी जरा जास्त कठोर झालोय असं वाटलं तर भांडायची तयारी आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीराम